सोळा पैशांचा सवाल



गावच्या दूध मंडळीत सकाळ-संध्याकाळ दूध येते तेव्हा तीन गोष्टी पाहतात. दूध किती लिटर, फॅट किती आणि एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग किती. या तीन आकड्यांवर भाव ठरतो, आणि त्याच भावाने म्हैस पाळणाऱ्या बाईच्या खात्यात पैसे जमा होतात. चौथा आकडा बहुतेक मंडळ्यांत विचारलाच जात नाही: या म्हशीला गेल्या आठवड्यात इंजेक्शन दिले होते का? दिले असेल तर कोणते, आणि त्याचा अंश या दुधात उतरला आहे का?

आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. पाचशेची नोट हातात आली की ती उजेडाकडे धरून पाहतो, मशीनखालून काढतो, संशय आला तर बाजूला ठेवतो. खोटी नोट खपवून घेतली तर जबाबदारी आमच्यावर येते. नोट तर खिशात जाते. दूध लेकराच्या पोटात जाते. तरी नोटेइतकी चौकशी दुधाची होत नाही. हे आपण मुकाट्याने का सोसावे, हा आजच्या लेखाचा सवाल आहे.

आधी एक स्पष्ट सांगतो. दूध पिऊ नका असे आम्ही म्हणत नाही, आणि दूधवाल्याला चोर ठरवण्यासाठीही लिहीत नाही. आमचे म्हणणे एका वाक्यात मावते: दुधातील अँटिबायोटिकची तपासणी करा, तिचा आकडा लोकांसमोर मांडा, आणि ज्या दिवशी औषधामुळे दूध टाकून द्यावे लागते त्या दिवसांचे पैसे ते दूध काढणाऱ्या माणसाला द्या. या तीनपैकी तिसरी गोष्ट झाली नाही तर पहिल्या दोन कागदावरच राहतील.

सुरतेला हे शिकवायला नको

आपल्यापैकी बऱ्याच घरांना भेस्तान, पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत येऊन तीन पिढ्या झाल्या. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्तीकाठच्या रेल्वेने आजोबा आले, गिरणीत आणि लूमवर राबले आणि इथलेच झाले. त्या घरांना सप्टेंबर १९९४ आठवत असेल. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि दोन-तीन दिवसांत लाखो माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली. जे मागे राहिले ते एकाच गोष्टीच्या शोधात होते: टेट्रासायक्लिनची कॅप्सूल. दुकानांतून ती संपली, लोक रांगा लावून उभे राहिले, पालिकेने आणि सरकारी माणसांनी ती वाटली. ज्यांना काही झाले नव्हते त्यांनीही भीतीपोटी गिळली.

ती कॅप्सूल उपयोगी पडली, कारण प्लेगच्या जंतूवर तिचा मारा तेव्हा लागू पडत होता. हे वाक्य पुन्हा वाचा. औषध दुकानात मिळाले एवढ्याने कोणी वाचत नाही. जंतूने त्या औषधाला दाद दिली तरच माणूस वाचतो. त्याच टेट्रासायक्लिनच्या घराण्यातले ऑक्सिटेट्रासायक्लिन आज गोठ्यात सर्रास टोचले जाते. कासेच्या दुखण्यावर पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे सडातून ट्यूबने सोडली जातात. पेनिसिलिन आपल्याला परके नाही. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो देशाला पेनिसिलिन स्वस्तात मिळावे म्हणूनच. ते शोधणारे फ्लेमिंग १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना बजावून गेले होते की, औषध अपुऱ्या मात्रेत दिले तर जंतू मरणार नाहीत, उलट ते पचवायला शिकतील. दुधातून रोज जाणारा औषधाचा अंश ही नेमकी तशीच अपुरी मात्रा आहे.

औषध दुधात येते कसे

जास्त दूध देणाऱ्या जनावराला कासदाह होतो. आपल्याकडे त्याला दगडी म्हणतात. कास सुजते, तापते, दुधात गाठी येतात. उपचार म्हणून अँटिबायोटिक दिले जाते. ते देणे चूक नाही. आजारी जनावराला औषध मिळालेच पाहिजे. पण औषध अंगातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत काही दिवस त्याचा अंश दुधात उतरत राहतो. तेवढे दिवस ते दूध विकायचे नसते. या मुदतीला आपण वर्ज्य काळ म्हणू.

कायदा आहे. जानेवारी २०१२ मध्ये औषधांच्या नियमात दुरुस्ती झाली. ज्या जनावरांपासून माणसाचे अन्न मिळते त्यांच्या औषधावर वर्ज्य काळ छापला पाहिजे, असे ठरले. एखाद्या औषधासाठी तो ठरलेला नसेल तर दूध आणि अंडी यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुधात कोणते औषध किती चालेल याच्या मर्यादा ठरवल्या, १ एप्रिल २०२५ पासून नियम आणखी कडक केले आणि बंदी असलेल्या औषधांची यादी वाढवली. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना ते देण्यावर केंद्राने जुलै २०१९ मध्येच बंदी घातली.

म्हणजे कागद भक्कम आहे. पण बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचणार कोण? गावात जनावरांचा डॉक्टर वेळेवर मिळत नाही. मग औषधांची पिशवी घेऊन फिरणारा कोणी तरी येतो, टोचतो, पैसे घेतो आणि जातो. कोणते औषध दिले हे तो सांगत नाही, आणि दूध किती दिवस घालू नको हे तर त्याहून सांगत नाही. हिशोबाचा साधा नियम आहे: ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही. गोठ्यातले इंजेक्शन कुठेच नोंदले जात नाही, म्हणून मंडळीच्या वहीप्रमाणे सगळे दूध निर्मळ.

आकडे काय सांगतात

देशात २०२३-२४ मध्ये सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध झाले. जगात पहिला नंबर आपला, आणि अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण या दुधात काय आहे हे विचारायला आपण फार उशिरा सुरुवात केली. २०११ मध्ये देशभर १,७९१ नमुने घेतले होते. त्यातले ६८.४ टक्के मानकात बसले नाहीत, म्हणून मोठा गाजावाजा झाला. पण ती मोहीम मुख्यतः पाणी, पावडर, डिटर्जंट अशा भेसळीची होती.

औषधांच्या अंशाचा मोठा आकडा आला तो २०१८ च्या पाहणीतून. मे ते ऑक्टोबर २०१८ या काळात १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेतले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये निकाल जाहीर झाला. ९३ टक्के नमुने पिण्यास सुरक्षित निघाले. ज्या भेसळीच्या नावाने आपण शिमगा करतो, तशी धोकादायक भेसळ फक्त १२ नमुन्यांत होती. अँटिबायोटिकचा अंश मर्यादेपेक्षा जास्त होता ७७ नमुन्यांत. त्यात मध्य प्रदेशचे २३ आणि आपल्या महाराष्ट्राचे ९. अफ्लाटॉक्सिन हे बुरशी लागलेल्या चाऱ्या-पेंडीतून येणारे विष तर ३६८ नमुन्यांत मर्यादेबाहेर निघाले.

या आकड्यांचा अर्थ नीट लावा. आपण डिटर्जंटवाल्या चोराच्या मागे धावतो आहोत, आणि धोका आजारी म्हशीच्या औषधातून आणि ओल्या पेंडीतून येतो आहे. चोर पकडला की पेपरात फोटो येतो. पेंडीचे गोदाम कोरडे ठेवले किंवा सात दिवस दूध बाजूला काढले, तर कोणाचा फोटो येत नाही.

यावर कोणी म्हणेल, ७७ म्हणजे जेमतेम १.२ टक्के, एवढ्यासाठी एवढे लिहायचे? आमच्या धंद्यात शेकडा सव्वा टक्का कर्ज बुडीत निघाले तर बँक दिवाळखोर होत नाही, हे खरे. पण ते कोणते खाते, हे बँकेला माहीत असते आणि त्याची तरतूद केलेली असते. इथे कोणता पेला ते कोणालाच माहीत नाही. तोच हिशोब रोजच्या दुधाला लावला तर वर्षाच्या ३६५ दिवसांत साधारण चार दिवस येतात. दूध पिणारे मूल वर्षात एकदाच पीत नाही, रोज पिते. आणि हा आकडा सरासरीचा आहे. ज्या भागात डॉक्टर कमी आणि फिरते टोचणारे जास्त, तिथे तो किती असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

उकळले की झाले?

आपल्या घरांतल्या तीन समजुती आधी दूर केल्या पाहिजेत.

पहिली, दूध उकळले की औषध मरते. उकळल्याने जंतू मरतात. अँटिबायोटिक हा जंतू नाही, रसायन आहे. पाश्चरायझेशन असो की घरची उकळी, औषधाचा थोडा अंश कमी होतो, बाकीचा तसाच राहतो.

दुसरी, पिशवीचे दूध म्हणजे निर्धास्त. पिशवीच्या दुधाचे फायदे आहेत. ते थंड राहते, जंतू कमी असतात, भेसळीला वाव कमी असतो. पण पिशवी ही औषध गाळायची गाळणी नव्हे. हजारो गोठ्यांचे दूध एका टाकीत एकत्र झाले की एका म्हशीचे औषध पातळ होते, एवढेच. आणि किती पातळ व्हायला हवे, पाहा. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिनसाठी जागतिक अन्नमानक आयोगाची मर्यादा एका किलो दुधात ४ मायक्रोग्रॅम आहे. घरात ताप आला की आपण जी ५०० मिलीग्रॅमची अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल घेतो, तेवढे औषध मर्यादेत बसवायला सुमारे सव्वा लाख लिटर दूध लागेल. दहा हजार लिटरच्या टँकरला ४० मिलीग्रॅम पुरते. एका गोठ्यातली एक चूक किती लांब जाते, ते यावरून समजावे.

तिसरी समजूत, दही लागले म्हणजे दूध चांगले. यात थोडे तथ्य आहे. विरजणातले जंतू जिवंत असतात. दुधात अँटिबायोटिक जास्त असेल तर ते मरतात आणि दही लागत नाही. तपासणीची एक जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते. औषधाला लवकर बळी पडणारा जंतू दुधात वाढवतात. तो वाढला तर रंग बदलतो, नाही वाढला तर दुधात काहीतरी आहे. निकालाला काही तास लागतात. काही मिनिटांत सांगणाऱ्या पट्ट्याही आता मिळतात, आणि कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनेही असे संच तयार केले आहेत. पण घरचे विरजण हे प्रयोगशाळेचे काम करू शकत नाही. थंडीतही दही लागत नाही, आणि थोडे औषध असतानाही ते लागते.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. दुधातले अँटिबायोटिक शोधण्याची निकड जगात आधी वाटली ती चीज आणि दही बनवणाऱ्यांना, कारण त्यांचे विरजण मरू लागले आणि माल बिघडू लागला. विरजणातल्या जंतूचा जीव आधी मोलाचा ठरला, माणसाचा नंतर!

दोष कोणाचा?

आता खरा मुद्दा. असा विषय निघाला की मंडळाच्या बैठकीत कोणी तरी म्हणतो, हे भरवाड, हे तबेलेवाले, हे गावाकडचे लोकच लबाड. हे बोलणे सोपे आहे आणि ते चूक आहे. आपल्यातल्या कितीजणांचे काका-मामा साक्री, नवापूर, शहाद्याकडे आजही दोन म्हशींवर घर चालवतात? सुरत आणि तापी जिल्ह्यांतल्या मंडळ्यांत दूध घालणाऱ्या आदिवासी भगिनी एका जनावरावर मुलांच्या फीचे पैसे काढतात. त्या लबाड आणि आपण साव, असे आहे का?

एका म्हशीचा हिशोब मांडू. हे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. म्हैस रोज ६ लिटर दूध देते, भाव लिटरला ५० रुपये. दगडी झाली, तीन दिवस औषध दिले, पुढे सात दिवस वर्ज्य काळ. एकूण दहा दिवस, ६० लिटर, ३,००० रुपये. औषधाचा आणि टोचणाऱ्याचा खर्च वेगळा. चारा-पेंड चालूच, कारण म्हैस आजारी असली तरी उपाशी ठेवता येत नाही. आणि म्हैस कर्जाची असेल तर हप्त्याची तारीख दहा दिवस पुढे सरकत नाही. हे आम्ही काउंटरच्या अलीकडून रोज पाहतो. हप्ता चुकला की नोटीस जाते. म्हशीला ताप होता, असा रकाना त्या नोटिशीत नसतो.

आता त्या बाईला आपण सांगणार की, मावशी, दहा दिवस दूध ओतून दे, कारण सुरतेतल्या मुलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. तीन हजारांचा खड्डा तिने एकटीने भरायचा आणि फायदा आपण सगळ्यांनी घ्यायचा. ती औषधाची गोष्ट लपवणार नाही तर काय करेल? तिच्या जागी आपण असतो तर काय केले असते?

हाच खड्डा सगळ्यांनी मिळून भरला तर काय होते ते पाहा. समजा एका मंडळीत रोज १,००० लिटर दूध येते. वर्षाचे ३ लाख ६५ हजार लिटर. वर्षात अशी २० जनावरे आजारी पडली आणि प्रत्येकाचे ३,००० रुपये मंडळीने भरून दिले, तर खर्च ६०,००० रुपये. भागाकार करा. लिटरला सोळा पैसे! आजारी जनावरे दुप्पट धरली तरी तेहतीस पैसे. रोज दीड लिटर दूध घेणाऱ्या घराला महिन्याला साडेसात ते पंधरा रुपये पडतात. भाव वाढताना डेअऱ्या एकदम लिटरला दोन रुपये वाढवतात आणि आपण गुपचूप देतो. मग हे सोळा पैसे जड का व्हावेत?

तपासणी आणि भरपाई हातात हात घालून चालल्या पाहिजेत, हे आमचे म्हणणे या हिशोबावर उभे आहे. नुसती तपासणी आणली आणि पकडलेल्या दुधाचा दंड लावला, तर माणूस आणखी लपवेल. मंडळीने नाकारलेले दूध गटारात जाणार नाही. ते सायकलवरून, मोटारसायकलवरून सुट्या विक्रीला शहरात येईल आणि जिथे कोणतीच तपासणी नाही अशा गल्लीत खपेल. ती गल्ली बहुतेक वेळा आपलीच असते.

आपल्या रीतीरिवाजात ही शिस्त नवीन नाही. व्यालेल्या म्हशीचा चीक पहिले काही दिवस इतर दुधात मिसळत नाहीत. खरवसाला वेगळा काढतात. वसुबारसेला आपल्या आया-बहिणी गाईचे दूध वर्ज्य करतात, कारण त्या दिवशी मान वासराचा. काही दिवस दूध बाजूला काढायचे, हे ज्या समाजाला आजीपासून ठाऊक आहे, त्याला औषधाचे दहा दिवस समजणार नाहीत असे कोणी म्हणू नये. अडचण समजण्याची नाही, पैशांची आहे.

आजार कमी करण्याची बाजूही सोडू नये. गोठा कोरडा ठेवणे, दूध काढण्याआधी आणि नंतर कास-सड स्वच्छ करणे, आजार सुरुवातीला ओळखणे, याने निम्मे काम होते. आणंदच्या राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने कोरफड, हळद आणि चुना यांच्या लेपाचा प्रसार गुजरातेत आणि बाहेरही केला आहे. तो दर वेळी पुरेल असे नाही, पण दुखणे सुरुवातीला असताना दिला तर अनेकदा अँटिबायोटिकची वेळ टळते. ही तिन्ही वस्तू कोणत्याही मराठी घरात सापडतील.

कोळंबीला एक न्याय, लेकराला दुसरा

तपासणी फार खर्चिक आहे, आपल्या देशात जमणार नाही, असे जे सांगतात त्यांनी सुरतेच्या किनाऱ्याकडे पाहावे. ओलपाडच्या बाजूला कोळंबीचे तलाव आहेत. निर्यातीच्या कोळंबीत अँटिबायोटिक आहे का, हे तलावातून माल काढण्याआधीच तपासण्याची व्यवस्था आपल्या देशात आहे. का आहे? कारण युरोप माल परत पाठवतो. २०१६ मध्ये युरोपने भारतीय कोळंबीच्या बंदरावरच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा सरकारपासून तलाववाल्यापर्यंत सगळे हलले.

अमेरिकेत दुधाचा प्रत्येक टँकर खाली करण्याआधी पेनिसिलिन घराण्यातल्या औषधांसाठी तपासावा लागतो. सापडले तर पूर्ण टँकर बाद. आपण अमेरिका नाही, आपल्याकडे दोन म्हशींचे गोठे आहेत, हे कबूल. पण सहकाराचे जाळेही आपल्याकडेच आहे. गावच्या मंडळीत सगळ्यांचे दूध रोज दोनदा एका जागी येते. त्या एका कॅनचा नमुना काढणे जमते. तो निघाला तरच मागे जाऊन घरोघरचा शोध घ्यावा लागेल. जमते ते करायचे नाही, कारण मागणारा कोणी नाही. युरोपचे गिऱ्हाईक मागते म्हणून कोळंबीला न्याय मिळतो. भेस्तानचे गिऱ्हाईक मागत नाही म्हणून त्याच्या लेकराला मिळत नाही.

आणि पणाला काय लागले आहे, तेही लक्षात घ्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे, औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली. याला दूध एकटे जबाबदार नाही. सर्दीवर अँटिबायोटिक मागणारे आपण, ते देणारे दवाखाने, चिठ्ठीशिवाय विकणारी दुकाने, कोंबड्यांचे फार्म, सगळे त्यात आहेत. पण चिठ्ठीवर लिहिलेले औषध आपण जाणून घेतो. दुधातले औषध आपल्याला न विचारता पाजले जाते. फरक इथे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न राजकारणाचा आहे.

आमच्या मागण्या

पहिली मागणी डेअऱ्यांना. सुमुल म्हणजे आपला सुरत जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९५१ पासून या शहराला दूध पुरवतो. ही संस्था शेतकऱ्यांची आहे, तिच्याविषयी आम्हाला आदर आहे. ती किंवा दुसरी कोणती डेअरी तपासणी करत नाही, असा आमचा आरोप नाही. करत असतील तर दर महिन्याला सांगावे: किती नमुने अँटिबायोटिकसाठी तपासले, किती मर्यादेबाहेर निघाले, त्या दुधाचे काय केले. बँका तिमाहीला बुडीत कर्जाचा आकडा छापतात, त्याने बँका बुडत नाहीत. उलट ठेवीदाराचा विश्वास बसतो. ताकाला जाऊन भांडे कशाला लपवायचे?

दुसरी मागणीही डेअऱ्यांनाच. वर्ज्य काळातल्या दुधाची भरपाई देणारा निधी करावा. आजार मंडळीत नोंदवणाऱ्याला आणि डॉक्टरकडून औषध घेणाऱ्यालाच तो मिळावा. म्हणजे नोंदही होईल आणि फिरता टोचणारा आपोआप मागे पडेल. लिटरला सोळा पैसे आमच्याकडून घ्या, पण पिशवीवर तसे छापा.

तिसरी मागणी महानगरपालिकेला. प्लेगनंतर १९९५ पासून एस. आर. राव आयुक्त असताना याच पालिकेने घाणीचे शहर पालटून दाखवले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिली आली. कचरा दिसतो म्हणून उचलला गेला. दुधातले औषध दिसत नाही. पालिकेच्या अन्न विभागाने सुट्या दुधाचे आणि पिशवीच्या दुधाचे वॉर्डवार नमुने औषधांसाठी तपासावेत आणि निकाल वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावावेत.

चौथी गोष्ट आपल्या समाजाने करायची. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकही दूध विकत घेताना विक्रेत्याला तसे सांगून नमुना सरकारी अन्न विश्लेषकाकडे फी भरून तपासायला देऊ शकतो. नमुना कायद्यात बसला नाही तर फी परत मिळते. मंडळाने महिन्याला दोन नमुने द्यावेत, आणि तपासणी अँटिबायोटिकसाठी हवी असे अर्जात स्पष्ट लिहावे. गणपतीच्या मंडपाच्या एका कमानीचा खर्च वाचवला तरी वर्षाची सुरुवात होईल. आणि पालिकेने किती नमुने घेतले, हे माहितीच्या अधिकारात विचारणारा एक अर्ज तर आपल्यातला कोणीही लिहू शकतो.

कोजागिरीला आपण मसाला दूध आटवतो आणि पहिला पेला कॉर्पोरेटरसाहेब, आमदारसाहेब यांच्या हातात देतो. दुसऱ्या दिवशी चंदी पडव्याला सारी सुरत घारी खाते, तीही दुधाच्या माव्याचीच. यंदा पेला देताना एवढेच विचारा: साहेब, यात औषध नाही, हे तुम्ही कशावरून सांगता? निवडणूक कोणतीही असो, मराठी मते मोजायला इथे सगळे येतात. आपण कोणत्या बोलीत बोलतो, कोणत्या जातीचे किती, याच्या याद्या त्यांच्याकडे तयार असतात. आपल्या मुलांच्या पेल्यात काय आहे याची यादी मात्र कोणाकडे नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते, तिला वाटते जग पाहत नाही. इथे मांजर नव्हे, आपणच डोळे मिटून पितो आहोत.

रस्ता, गटार, पाणी, लाइट यांसाठी आपल्या वडिलांनी मोर्चे काढले आणि ते मिळवले. दुधासाठी मोर्चाही लागणार नाही. एक आकडा मागायचा आहे आणि सोळा पैसे द्यायचे आहेत. जो आकडा देईल त्याचे दूध घ्या, जो मागणी पुढे नेईल त्याला मत द्या, आणि जो दोन्ही टाळेल त्याचे नाव लक्षात ठेवा.